मुळशीच्या उन्हात उमटलेली पाने

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट आणि पौड अशी गावे मागे टाकीत तुम्ही पश्चिमेकडे निघालात, की रस्त्याबरोबर हवाही हळूहळू बदलू लागते. कार्तिकातला दिवस असेल तर दोन्ही बाजूंच्या खाचरांत भातकापणी चाललेली दिसते. कापलेल्या पेंढ्यांचा ओलसर गोड वास गाडीच्या खिडकीतून आत येतो. पौडनंतर डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर मुळशीचा जलाशय अकस्मात समोर उभा राहतो. पाऊस सरून महिनाही झालेला नसतो, त्यामुळे काठोकाठ भरलेले ते पाणी आभाळाहून गडद निळे दिसते.

वाचकहो, याच पाण्याच्या काठावर, याच निळ्या रंगाशी नाते सांगणाऱ्या एका कलेच्या निमित्ताने आम्ही तीन पिढ्यांच्या तिघी गेल्या कार्तिकात दोन दिवस राहिलो. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, अकरा वर्षांची लेक आणि मी. बरोबरच्या पिशवीत काळ्या पाकिटात बंद केलेले वीस कागद, दोन काचा, चार चिमटे आणि एक पसरट टब होता. त्या सामानाने काय साधते, ते कसे वापरावे आणि कुठे जपून राहावे, हे तुम्हाला सांगावे म्हणून हा लेख. त्यातले आमचे घरगुती प्रकरण वगळता आले असते. पण ते वगळले, तर हा खटाटोप कशासाठी केला हेच सांगायचे राहून जाईल.

आईचे माहेर या जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या विसराळूपणाला स्मृतिभ्रंशाचे नाव दिले. हा आजार मागे फिरत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. मात्र ओळखीच्या जागा, हाताला झेपेल असे काम आणि सोबतीला घरची माणसे असली, की रुग्णाचा दिवस शांतपणे जातो, असेही ते म्हणाले. आईला सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. रानातल्या झाडांची नावे मात्र तिच्या तोंडून अजून येतात, तीही अवचित. ती नावे तिच्याबरोबर जाण्याआधी कुठेतरी उतरवून ठेवावीत, एवढाच आमचा हेतू होता.

पाण्याखालची गावे

मुळशीला सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा मुळशीच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे आणि त्यांची भातशेती बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१च्या रामनवमीला मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले आणि तेथूनच ते ‘सेनापती’ झाले. लढा तीन वर्षे चालला, पण धरण झालेच. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचे ते अडवलेले पाणी आज सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणातल्या भिरा येथील वीजकेंद्रात उतरते आणि पुढे कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळते.

त्या काळच्या अभियंत्यांचे आराखडे ज्या निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी उमटत, त्याला आपण ‘ब्लूप्रिंट’ म्हणतो. आम्ही पिशवीत घेऊन निघालो होतो तो कागदही त्याच जातीचा. मोठमोठी धरणे ज्या निळाईत आधी कागदावर उभी राहिली, त्याच निळाईत आता माझी लेक आघाड्याचे पान छापणार होती.

लोखंड, ऊन आणि पाणी

या कलेचे नाव सायनोटाइप. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ती शोधून काढली. कृती सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार पाण्यात विरघळवून एकत्र करायचे आणि ते पिवळसर हिरवे पाणी कागदावर ब्रशाने पसरायचे. कागद अंधारात वाळला, की त्यावर पान ठेवून तो उन्हात धरायचा. ऊन लागते तिथे निळा रंग धरतो. पानाखालचा भाग झाकलेला राहतो, तिथला क्षार साध्या पाण्याने धुऊन जातो आणि पानाची पांढरी आकृती उरते.

हे कसे घडते ते समजावून घ्यायला रसायनशास्त्राचे पुस्तक लागत नाही. आपल्या आहाराचे ज्ञान पुरेसे आहे. पालेभाज्यांतले लोह शरीराला सहजी मिळत नाही, म्हणून जेवणात लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, असे आपण नेहमी वाचतो. त्याचे कारण असे, की ‘क’ जीवनसत्त्व फेरिक रूपातल्या लोहाला फेरस रूपात आणते आणि फेरस लोह आतड्यांत अधिक सहज शोषले जाते. आपल्या पोटात लिंबू जे काम करते, तेच काम या कागदावर सूर्याचे अतिनील किरण करतात. त्यांच्या स्पर्शाने फेरिक लोह फेरस होते, मग ते दुसऱ्या क्षाराशी जुळते आणि त्यातून ‘प्रशियन ब्लू’ हा पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो.

सायनाइड हा शब्द ऐकून तुम्ही दचकला असाल. ‘सायन’ या ग्रीक मुळाचा अर्थ गडद निळा, आणि सायनाइडलाच ते नाव या रंगावरून मिळाले आहे. या क्षारात सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, त्यामुळे नेहमीच्या वापरात ते सुटे होत नाही. इतकेच नव्हे, तर शुद्ध औषधी स्वरूपातला प्रशियन ब्लू हा थॅलियमच्या विषबाधेवरचा उतारा असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. १९८७ साली ब्राझीलमधील गोइयानिया शहरात किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्या रुग्णांना हेच औषध दिले होते. याचा अर्थ घरातले द्रावण कुणी चाखून पाहावे, असा मुळीच नाही. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका, तापवू नका आणि त्यात कोणतेही आम्ल, म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड तर नाहीच नाही, मिसळू देऊ नका. तीव्र आम्लाने त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

हर्शेल यांच्या या शोधाचा वनस्पतींसाठी पहिला मोठा उपयोग एका स्त्रीने केला, हे वाचून तुम्हाला आनंद होईल. ॲना ॲटकिन्स हे तिचे नाव. तिची आई ती तान्ही असतानाच गेली आणि शास्त्रज्ञ वडिलांनी तिला वाढवले. हर्शेल हे वडिलांच्या स्नेह्यांपैकी. १८४३ साली तिने समुद्रशैवालांच्या निळ्या ठशांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. ते काम ती दहा वर्षे करीत राहिली. १८५२ साली वडील वारले आणि त्यानंतर बालमैत्रीण ॲन डिक्सनच्या सोबतीने तिने नेच्यांचे ठसे घेतले. दुःखात हाताला काम आणि शेजारी मैत्रीण असणे याचे मोल तिला कुणी सांगावे लागले नसावे.

आदल्या रात्रीची तयारी

कागद पुण्यातच आदल्या रात्री तयार केले. या कामाला जाड, पाणी सोसणारा, सुती धाग्यांचा कागद लागतो. शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद बनवणारी संस्था आहे. तिथला चिंध्यांच्या लगद्याचा कागद आम्ही वापरला. चुना किंवा खडूची भर घातलेला गुळगुळीत कागद टाळावा, कारण हा निळा रंग अल्कधर्मी पदार्थांसमोर टिकत नाही. त्याच कारणाने असे ठसे उमटवलेले कापड कधी धुण्याच्या सोड्यात भिजवू नये.

प्रमाण असे: १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. लागेल तेवढेच दोन्हींतून समान घेऊन मिसळावे. हे काम मोठ्यांनी करावे. हातमोजे घालावेत, पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क लावावा, आणि वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. आम्ही न्हाणीघराची खिडकी जुन्या चादरीने झाकली, कोपऱ्यात मंद पिवळा दिवा लावला आणि दोरीवर कागद वाळत घातले. आई दारात उभी राहून पाहत होती. “पापड घातलेत का गं?” तिने विचारले. कागद हारीने टांगलेले पाहून तो प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

घरात फार लहान मुले असतील तर रसायनांच्या वाटेला न जाता हळद वापरा. हळदीचा पिवळा रंग उन्हात विटतो, हे हळदीचे डाग उन्हात वाळवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला माहीत असते. कागदाला हळदीचे पाणी लावून, वर पान ठेवून काही तास उन्हात ठेवले, की पानाखालचा भाग पिवळाच राहतो आणि बाकीचा फिका पडतो. फुलांच्या आणि पानांच्या रसांवर उन्हाचे असे प्रयोग हर्शेल यांनीही केले होते.

बांधावरची शाळा

वाडीत पोचलो तेव्हा मामेभाऊ खळ्यावर होता. हातातले सूप ठेवून तो पुढे आला आणि वाकून म्हणाला, “आत्ये, वळखलंस का?” आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, मग त्याच्या वडिलांच्या नावाने त्याला हाक मारली. त्याने ती चूक दुरुस्त केली नाही. “हां, बस की,” एवढेच म्हणून त्याने घोंगडी पसरली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी कसे वागावे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

पाने गोळा करण्याबाबत एक नियम आम्ही आधीच ठरवला होता. पलीकडे ताम्हिणी घाटाचा परिसर २०१३ पासून अभयारण्य आहे; तिथून काडीही उचलायची नाही. देवराईतून तर नाहीच. सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास पुण्याचे वनस्पतितज्ज्ञ वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेल्या या लहानशा रानांत किती दुर्मिळ झाडे टिकून आहेत, हे जगासमोर आले. तो धाक आपणही पाळावा. म्हणून आम्ही फक्त भावाच्या बांधावरचे तण, गळालेली पाने आणि माजलेल्या झुडपांच्या फांद्या घेतल्या. तुम्हीही तेवढेच घ्या. मालकाला विचारून घ्या.

पायांत बंद बूट घाला. कापणीच्या दिवसांत पेंढ्यांखाली आणि दगडांआड फुरसे असते. हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. आणि ज्या झाडाची ओळख नाही त्याला हात लावू नका, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. कळलावीचे फूल ज्वाळेसारखे देखणे, पण तिचा सगळाच भाग विषारी आणि कंद सर्वांत अधिक. गाजरगवताने अनेकांच्या अंगाला पुरळ उठते.

हे सगळे मी लेकीला वाटेत सांगितले होते. तरीही बांधाच्या टोकाला कुंपणावर लोंबणाऱ्या, सोनेरी लव असलेल्या शेंगांचा झुबका तिला दिसला आणि तिने हात पुढे केला. मी काच पुसत होते. माझे लक्ष नव्हते. “शिवू नको!” हा आवाज आईचा होता. मागच्या कित्येक महिन्यांत इतका खणखणीत आवाज तिच्याकडून ऐकला नव्हता. “खाजकुयली हाय ती. रातभर खाजवत बसशील.” लेकीचा हात थांबला. ती लव अंगाला लागली असती, तर आमचे दोन दिवस तिथेच संपले असते. घरी स्वतःची खोली चुकणाऱ्या आईने वीस पावलांवरून ती शेंग ओळखली होती.

पहिले फसलेले ठसे

अकरा वाजता अंगणात पाट मांडला. पहिले तीन कागद वाया गेले. एक वाऱ्याने हलला, एकावरचे पान ओले होते म्हणून डाग पडला, आणि तिसरा आम्ही गप्पांच्या नादात इतका वेळ उन्हात ठेवला, की धुतल्यावर पानाच्या कडाही निळ्या पडल्या. तेव्हा अनुभवाचे बोल ऐका. पाने आदल्या दिवशी वर्तमानपत्रात दाबून सपाट करा. वरून काच ठेवून चारी बाजूंनी चिमटे लावा. कोऱ्या पट्टीवर आधी वेळ तपासून घ्या. कार्तिकातल्या मध्यान्हीच्या उन्हात आम्हाला आठ मिनिटे पुरली. ढगाळ दिवशी याच्या कितीतरी पट वेळ लागेल. कागदाचा रंग पिवळ्याहून निळा, आणि निळ्याहून राखाडी-तपकिरी झाला, की तो काढावा. मग पाण्याचा पिवळेपणा जाईपर्यंत पाच-दहा मिनिटे धुवावा. आम्ही टबातच धुतले आणि ते पाणी बाटल्यांत भरून घरी आणून मोरीत ओतले. तलावात किंवा ओढ्यात हे कागद धुऊ नका. तिथले पाणी गुरे पितात.

या खेळात उन्हाविषयी एक धडा आपोआप मिळतो. मुलीने एक कागद काचेखाली आणि एक आंब्याच्या सावलीत ठेवून पाहिला. दोन्ही निळे झाले, सावलीतला उशिराने. म्हणजे सावलीतही अतिनील किरण पोचतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा कशासाठी, हे तिला मग वेगळे समजवावे लागले नाही. काचेची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कागद रंगवणारे लांब लहरींचे अतिनील किरण साध्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आरपार जातात; त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे आखूड लहरींचे किरण मात्र काच अडवते. म्हणून बंद खिडकीमागे ऊन खात बसणाऱ्या आजी-आजोबांना उबेचे सुख मिळते, ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यांना थोडा वेळ अंगणात किंवा गॅलरीत न्या. मात्र मध्यान्हीचे ऊन हे कागदाला हवे असते, माणसाला तासन् तास नव्हे. कागद उन्हात आणि आपण सावलीत, पाण्याचा तांब्या जवळ, अशी बैठक असावी.

माझी चूक

चौथ्या कागदापासून ठसे छान उमटू लागले. पाण्यात बुडवताच फिक्या कागदावर पांढरे पान वर येते, तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही. आणि तिथेच मी चुकले. ओला ठसा आईसमोर धरून मी विचारू लागले, “आई, हे काय? आणि हे? नाव सांग ना.” दोन नावे तिने सांगितली. तिसऱ्याला ती अडखळली. मी पुन्हा विचारले, पहिले अक्षर सुचवले. तिचा चेहरा उतरला. “मला शाळेत बसवलंस का?” ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तिची नावे वाचवायच्या घाईत मी तिची परीक्षा घेऊ लागले होते, आणि या आजाराच्या माणसाला परीक्षेइतके दुखावणारे दुसरे काही नाही. तुमच्या घरी असे माणूस असेल, तर “आठवतंय का?” हा प्रश्न शक्य तितका टाळा. मला ते माहीत होते, तरी विसरले.

वाट काढली ती लेकीने. तिने काही विचारलेच नाही. ती आजीशेजारी पाटावर बसून ठसे वाळत घालू लागली, आणि थोड्या वेळाने आजीच्या हातात चिमटे दिले. दोघी मिळून काम करू लागल्या. मग नावे आपणहून येऊ लागली. “ह्यो कुर्डू. कवळा असताना भाजी करायची.” “आघाडा. गणपतीच्या पत्रीला लागतो.” टाकळा, भारंगी, तेरडा, दिंडा, उक्षी, कुसळी. घाणेरीला ती टणटणी म्हणाली, आणि तेही नाव बरोबरच आहे. कारवीचे खरखरीत, दातेरी पान पाहून ती हसली. सात वर्षांनी एकदाच फुलणारी ही कारवी. तिच्याच काठ्यांच्या, मातीने लिंपलेल्या कुडांत आईचे बालपण गेले होते. लेक प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नाव लिहीत गेली.

मग ओढ्याच्या दरडीवरून भाचीने, म्हणजे मामेभावाच्या धाकट्या मुलीने, एक नेचा आणला. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असलेला. आईने तो हातात घेतला, नातीचा हात ओढून मनगटाच्या मागच्या बाजूवर ठेवला आणि वरून चापट मारली. नेचा उचलला तर सावळ्या कातडीवर त्याची पांढरी शुभ्र नक्षी उमटलेली. आमच्या काचा, चिमटे आणि रसायने यांच्या कितीतरी आधीपासून मावळातली पोरे हा छापखाना चालवीत आली आहेत. लेकीने आपला हात, मग आजीचा, मग माझा, असे सगळ्यांचे हात छापले. त्यानंतर तोच नेचा कागदावर ठेवला.

बाराव्या ठशापाशी आई थांबली. हृदयाच्या आकाराच्या लहान पानांची एक वेल होती; मलाही ओळखता आली नाही, भावालाही नाही. आईने तो कागद पुष्कळ वेळ धरून ठेवला. “ही आमच्या गोठ्यामागं असायची,” ती म्हणाली. नाव आले नाही. कुणी विचारलेही नाही. लेकीने कोपऱ्यात लिहिले, ‘आजीच्या गोठ्यामागची’.

घरी परतल्यावर

ओला ठसा फिका दिसला तर निराश होऊ नका; हवेतल्या प्राणवायूने पुढच्या दिवसभरात निळाई आपोआप गडद होते. ते बारा ठसे चौकटींत बसवून आम्ही ओसरीच्या भिंतीवर लावले. चैत्रापर्यंत त्यांतले दोन फिकट झाले, कारण तिथे दुपारचे ऊन थेट येते. या रंगाचा एक विलक्षण स्वभाव आहे. उजेडाने फिका पडलेला ठसा काही दिवस अंधारात ठेवला, की गेलेला निळा रंग बराचसा परत येतो. आम्ही ते दोन्ही ठसे कपाटात, साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवले आणि मग सावलीच्या भिंतीवर लावले. माणसाच्या स्मृतीला असे करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. आईची विस्मृती त्या दोन दिवसांनी कमी झालेली नाही. मामेभावाकडे गेलो होतो हे तिला आता आठवत नाही.

तरी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर ती त्या भिंतीपाशी उभी राहते. ‘टणटणी’ म्हणते, ‘कुर्डू’ म्हणते, कधी चुकून तेरड्याला भारंगी म्हणते. आम्ही दुरुस्त करीत नाही. भिंतीवर खाली खरे नाव लिहिलेलेच आहे, आणि ते तिनेच सांगितलेले आहे. पुढे कधी तिला ते सांगता आले नाही, तर तिची नात तिला वाचून दाखवील.

येत्या सुटीत तुम्हीही असे एक काळे पाकीट भरून ठेवा. मुळशीलाच जायला हवे असे नाही. तुमच्या आजीचे, आजोबांचे गाव कुठेतरी असेलच. त्यांना बरोबर न्या, त्यांच्या हाती चिमटे द्या आणि प्रश्न न विचारता शेजारी बसा. बाराव्या ठशाची वेल आम्ही अजून शोधत आहोत. पाऊस पडून गेला, की पुन्हा वाडीला जाऊ आणि गोठ्यामागे पाहू.